कोंडलेल्या पोरीचं पुस्तक

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज वर्षावास संपला. तीन महिने रोज संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जायचं, मी ग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. आज शेवटचं पान झालं, खीर वाटली, सगळ्या आपापल्या घरी गेल्या. आता उद्या दिवेलागणीला मी काय करू? अंगणवाडीतली पोरं तर दुपारीच घरी जातात.

सौंदडमध्ये वाचता येणाऱ्या बाया का कमी आहेत? पण वाचायला मीच लागते. फुशारकी नाही मारत. इतकी वर्षं अंगणवाडीत वाघाचा, माकडाचा, म्हातारीचा आवाज काढून काढून माझा गळा तयार झाला आहे. आणि माझा नियम पक्का. पुस्तकातलं एक अक्षर गाळायचं नाही, पदरचं एक घालायचं नाही. विहाराची देखभाल करणारे उदारामभाऊ एकदा म्हणाले, "रुक्माबाई, कंटाळवानं पान आलं तं सोडून देत जा ना जी." मी म्हटलं, "पान का वांग्याची फोड आहे, आवडली नाही तं बाजूला काढायले?"

खीर खाताना शेजारची दुर्गेश्वरी म्हणाली, "मामी, आता आमी का कराव? टीव्हीच पाहाव?" ती शिलाई करते, तोंडही मशीनसारखं चालतं. गावाबाहेरच्या टोल्यावरच्या वस्तीतली चमेली वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जाते. आमच्या धर्माची नाही, तरी तिन्ही महिने आली. म्हणाली, "मले आइकाची सवय लागली. दुसरं काही वाचा, पन वाचा."

तर माझी लेक साक्षी, जी कधी चार बायांत तोंड उघडत नाही, ती लगेच म्हणाली, "अर्जुनीच्या वाचनालयात एक कादंबरी आहे. मी आनतो." एवढी घाई कशाची, मला समजलं नाही. पण बरं वाटलं. नर्सिंग झाल्यापासून घरातच असते. मला बीपी आहे, कोणीतरी घरात लागतंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उदारामभाऊंनी सांगितलं, हॉलमध्ये कादंबरी नको, बाहेरच्या ओट्यावर वाचा. आम्ही ओट्यावर बसलो. ते स्वतः भिंतीपलीकडची तेवढीच जागा तासभर झाडत होते.

पुस्तक भयंकर आहे. मुखपृष्ठ काळंकुट्ट, त्यावर बंद दार. मंजिरी नावाची आईबाप नसलेली पोरगी शहरात आईच्या मैत्रिणीकडे राहायला येते. तिला ती मावशी म्हणते. मावशी लाडाची. केस विंचरून देते, दूध देते, माडीवरची खोली देते. आणि पहिल्या भागाच्या शेवटी "झोप हं बाळा" म्हणून बाहेर जाते आणि बाहेरून कडी घालते.

मी पुस्तक मिटलं. आणि तीन महिन्यांच्या सवयीनं सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले, "साधु, साधु, साधु!" बापा! कडी लावल्याबद्दल साधुकार! साक्षी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी हसली पोरगी.

मग रिवाजाप्रमाणे विचारलं, आज काय बोध घेतला? चमेली म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी माडीवर झोपू नाई." दुर्गेश्वरी म्हणाली, "कडी आतूनही पायजे." बोध म्हणून हेही वाईट नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पुस्तकाची चर्चा गावभर झाली. नाव कोणाच्या ध्यानात राहत नाही, सगळ्या 'कोंडलेल्या पोरीचं पुस्तक' म्हणतात. आज ओटा पुरला नाही, ताडपत्री अंथरली.

चमेलीला टोल्यावर एकटी जायची भीती वाटते. मी म्हटलं, "तू रानात अस्वलाला भीत नाहीस आणि पुस्तकातल्या बाईला भितेस?" तर म्हणते, "अस्वल आलं तं आवाज करते वो बाई. हे तं गोड बोलते."

मावशी मंजिरीला सांगते की बाहेर सगळे लांडगे आहेत, तुझ्यासाठीच कडी लावते. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "पोलिसात काऊन नाई जात ते पोट्टी?" उदारामभाऊंचा झाडू सापडला! दुर्गेश्वरीनं त्यांना इकडे येऊन बसायला सांगितलं, तर म्हणाले, "मी कुठं आइकून रायलो? मी झाडून रायलो."

निघताना दुर्गेश्वरी म्हणाली, "मामी, तुमी मंजिरीचं वाचता तं पुस्तक वाटते. पन मावशीचं वाचता ना, तं मावशीच येऊन बसली असं वाटते. अंगावर काटा येते." मला इतका आनंद झाला की घरी येऊन चहात साखर जास्तच टाकली. साक्षीला म्हटलं, ऐकलं का, दुर्गेश्वरी काय म्हणाली? ती म्हणाली, "आइकलं, आई."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

साक्षीची ऑर्डर आली. चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स. पंधरा नोव्हेंबरच्या आत हजर व्हायचं आहे.

तिनं कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. आनंद मलाही झाला, का नाही होणार? माझ्या लेकीनं मिळवलं आहे. मी कागद नीट घडी करून तिच्या बाकी सर्टिफिकिटांसोबत लोखंडी पेटीत ठेवला. वाळवी फार झाली आहे या वर्षी. पेटीची किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असते, हरवायची भीती नाही.

संध्याकाळी मला गरगरलं. उन्हाळ्यात नागपूरची ऑर्डर आली होती तेव्हाही असंच झालं होतं. ती नोकरी त्यातच राहिली, काय करणार, देहाचे भोग. साक्षीनं मशीन लावून बीपी पाहिला. मी विचारलं, "किती?" म्हणाली, "आहे तेवढाच." पोरगी एवढी शिकलेली आणि आईला आकडा सांगत नाही. फारच वाढला असणार, मला घाबरवायचं नाही म्हणून लपवते.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पुण्याहून माझ्या लेकाचा, संघदीपचा फोन. "आई, साक्षीले जाऊ दे." मी म्हटलं, तिला धरलं कोणी? जा म्हणावं. पण माझी तब्येत?

"आई, मी गेलो तवा तूच तं डबा बांधून दिला होता."

दिला होता. तेव्हा तिचे बाबा होते घरात. संघदीपचा पहिले रोज फोन यायचा, मग रविवारी, आता पगार झाला की. सून चांगली आहे, नातू 'आजी' म्हणतो, पण मोबाइलच्या काचेत. मी कोणाला दोष देत नाही. पोरं पंख फुटले की उडतात, हे मी अंगणवाडीतल्या आयांना रोज सांगते.

खरं सांगू का, इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला एका माणसाचा भात शिजवता येत नाही. तिचे बाबा वारले त्यानंतर साक्षी परीक्षेला भंडाऱ्याला गेली होती, तेव्हा मी एकटी होते. मूठभर तांदूळ भाताच्या गंजात टाकले आणि ते पाहूनच रडू आलं. शेवटी दोघींचा शिजवला आणि दुसऱ्या दिवशी शिळा खाल्ला. हे मी कोणाला सांगणार?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कापलेला धान शेतात, बांधीत पडला आणि वरून पाणी. सगळ्यांचे जीव टांगणीला. तरी संध्याकाळी बाया आल्याच, पायांना चिखल, हातांना विळ्याचे कापे. दुर्गेश्वरी म्हणाली, "धानाची चिंता घरी बसूनही होते, अठी बसूनही होते. वाचा."

आज मावशीच्या छातीत दुखतं तो भाग होता. मंजिरी किल्ली मागते आणि मावशी लगेच छाती धरून खाली बसते. "जा बाळा, जा. मी मेले तरी तू जा." काय लिहिलं आहे! मी इतकं मनापासून वाचलं की माझाच आवाज भरून आला.

पण बाया आज हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. दुर्गेश्वरीनं साक्षीकडे पाहिलं. चमेलीनंही साक्षीकडे पाहिलं. साक्षी सुपातले तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. बोध विचारला तर सगळ्या पदर सावरून उठल्याच. पावसानं सगळ्यांचं मन उदास झालं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज भांडणच झालं. दुर्गेश्वरी म्हणते, मावशीला जेलात टाकलं पाहिजे. चमेली म्हणते, "जेलात कायले? पोरीनं लोटा हानाव डोक्यात अन् निंगून जावं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "जरा समजून घ्या त्या बाईला. नवरा नाही, मूलबाळ जवळ नाही. पोरीला कधी उपाशी ठेवलं? कधी मारलं? केस विंचरून देते, गरम दूध देते. एक दार तेवढं लावलं. भीती वाटते हो तिला! पोरगी एकदा गेली की परत येत नसते."

सगळ्या आपापल्या चपला शोधायला लागल्या. माझं म्हणणं पटलं असावं.

परत येताना दुर्गेश्वरी सोबत होती. आमच्या दारात थांबून म्हणाली, "मामी, ते किल्ली गळ्यात रुतत नाई का?" मी म्हटलं, सवय झाली. मग विचारते, "अन् साक्षीच्या ऑर्डरचं का झालं?" म्हटलं, पाहू, अजून वेळ आहे. या बाईला लोकांच्या घरची फार पंचाईत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या समारोप. आमच्यात वाचन अर्धवट सोडत नाहीत, आणि वाचणारीच्या घरची खीर ठरलेली. तांदूळ, दूध, गूळ सगळं आणलं. शेवटचा भाग एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून दुपारीच वाचून काढला.

वाचून मी संतापले. मावशी तापानं फणफणते, पाणी मागते, दार उघडं राहतं. मंजिरी तिला पाणी पाजते, पेला उशाशी ठेवते, पायऱ्या उतरते आणि निघून जाते. मागं वळूनही पाहत नाही. संपलं पुस्तक! अरे, लिहिणाऱ्याचा हात कसा धजला? तापात पडलेल्या बाईला सोडून? एवढं केलं तिनं, त्याची ही फेड?

झाडताना साक्षीच्या खाटेखाली पिशवी दिसली. तीन ड्रेस, टॉवेल, पांढरे बूट. मी पिशवी होती तशी ठेवली. पुस्तक छातीशी धरून खूप रडले.

५ नोव्हेंबर, बुधवार

समारोप झाला.

आज पौर्णिमा म्हणून सगळ्या पांढऱ्या लुगड्यात आल्या. उदारामभाऊही आज उघडपणे येऊन बसले. मी वाचत गेले. ताप, पाणी, पेला, सगळं जसंच्या तसं. मग माझे डोळे पानावर राहिले आणि तोंड दुसरंच बोलायला लागलं.

"मंजिरीनं दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं. ती उठली. तिनं आतून कडी लावली आणि मावशीच्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, मी कुठं जाणार?"

आणि पुस्तक मिटलं.

साधुकार झाला नाही. चमेली म्हणाली, "एवढंच?" उदारामभाऊ म्हणाले, "मंग इतके दिस मी अठी कायले झाडलो?" दुर्गेश्वरी तर पेटलीच. "दार उघडं अन् पोट्टी बसून रायली? लिवनाऱ्याचं डोकं फिरलं का? आना मामी, पाहू द्या ते पान." तिनं हात पुढं केला. मी पुस्तक काखेत घातलं. म्हटलं, चष्मा लावल्याशिवाय तुला दिसतं का?

मग ती साक्षीकडे वळली. "तू तं वाचलं होतं ना? असंच आहे का?"

साक्षीनंच पुस्तक आणलं होतं. ती पुस्तक आणताना शेवट गाडीतच वाचून काढते, मला माहीत आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. असंच आहे."

घरी खीर वाढली. कोणी दुसऱ्यांदा घेतली नाही. अर्धं गंज तसंच उरलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी भांडी घासता घासता साक्षी म्हणाली, "मी नाई जात चंद्रपूरले. तुले एकटीले कशी सोडू?" मी म्हटलं, "बघ बापा, तुझी मर्जी. मी काही म्हटलं नाही." म्हणाली, "तू नाई म्हटलं. मीच म्हनून रायली."

आज फार आनंद आहे. गरगरलंही नाही. तिला आवडतो म्हणून वडाभात केला. तिनं थोडाच खाल्ला.

८ नोव्हेंबर, शनिवार

साक्षी फार गुणाची झाली आहे. उलटून बोलत नाही, मोबाइल पाहत नाही. मी म्हटलं हे कर, की "हो आई". ते कर, की "हो आई". असंच तर पाहिजे होतं मला.

पण एक सांगते. आज दुपारी दारात उभी राहून मला विचारते, "आई, अंगनात बसू का?" चोवीस वर्षांची पोरगी, स्वतःच्या अंगणात बसायला विचारते! मी म्हटलं, "बस ना, विचारतेस कायले?" मग मागच्या अंगणातून येऊन विचारते, "दुर्गेश्वरीताईकडं जाऊ का? लवकर येतो." मंजिरी असंच विचारते पुस्तकात. 'मावशी, खिडकीशी बसू का?' माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुस्तक फार डोक्यात बसलं आहे माझ्या, दुसरं काही नाही.

खाटेखाली पाहिलं. पिशवी रिकामी करून घडी घालून ठेवली होती. पांढरे बूट वर्तमानपत्रात गुंडाळले होते.

संध्याकाळी ओट्यावर जाऊन आले. कोणीच नव्हतं. नवीन पुस्तक आणू का म्हणून दुर्गेश्वरीला विचारलं, तर मशीन न थांबवता म्हणाली, "आता कोन आइकते मामी? एका पुस्तकानंच जीव धास्तावला."

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते झोपायच्या आधी लिहून ठेवते.

दिवेलागणीची वेळ. मी चुलीपुढून उठत होते, समोरचं दार लावायला. साक्षी म्हणाली, "तू उठू नको, मी लावतो." ती गेली. दार लोटलं, आतून कडी लावली. मग हळूच आली आणि माझ्या पायाशी येऊन बसली. गुडघ्यावर हनुवटी ठेवून चुलीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "बाई, काय झालं?" तर म्हणते, "काही नाई. मी कुठं जाऊन रायली?"

हातातला चिमटा खाली पडला.

हे पुस्तकात नाही! पुस्तकात तर ती निघून जाते. आतली कडी, पायाशी बसणं, ते बोलणं, हे मी घातलं होतं. माझ्या तोंडानं. चार बायांना ऐकवायला म्हणून सुंदर वाटलं होतं ते. आणि आता ते माझ्या पायाशी बसलं आहे आणि त्याचे डोळे माझ्या पोरीचे आहेत, पण त्यात माझी पोरगी नाही. ती मला नाही म्हणायची, फणफणायची, "आई, तू फार बोलतेस" म्हणायची. ती कुठं गेली?

मी भ्याले. इतकी आयुष्यात भ्याले नव्हते. चमेली म्हणते ते खरं, अस्वल परवडलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी दुर्गेश्वरीकडे गेले, टोल्यावर चमेलीला निरोप धाडला, उदारामभाऊंना सांगितलं. संध्याकाळी सगळ्यांनी ओट्यावर यायचं. समारोप परत आहे.

"परत? काऊन जी?" उदारामभाऊ म्हणाले.

मी दिवसभर विचार करून ठेवला होता. म्हटलं, "मागच्या खेपेला दोन पानं चिकटली होती. माझ्या ध्यानात नाही आलं. काल उलगडली." माझे कान तापले होते, पण कोणाला संशय आला नाही. चमेली म्हणाली, "चिकटते कधी कधी." दुर्गेश्वरी म्हणाली, "पावसाळी हवा आहे, पानं चिकटनारच." भोळ्या आहेत बिचाऱ्या.

साक्षीला मी माझ्या समोर बसवलं. आणि वाचलं. एक अक्षर गाळलं नाही, एक घातलं नाही.

"मंजिरीनं पेला मावशीच्या उशाशी ठेवला. मावशीनं तिचा हात धरला होता, तो तिनं एक एक बोट करून सोडवला. ती पायऱ्या उतरली. दार तिनं उघडंच राहू दिलं. रस्त्यावर ऊन होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही."

'एक एक बोट करून' तिथं माझा आवाज फाटला. मावशीचा काढायचा तर तो येईना. माझाच निघाला. तरी वाचलं शेवटपर्यंत.

मग चमेलीनं एवढा मोठा श्वास सोडला की चार घरं ऐकू गेला असेल. "सुटली वो माय! सुटली पोरगी!" आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. "साधु, साधु, साधु!" या खेपेला सवयीनं नाही. दुर्गेश्वरी नाक पुसत होती आणि सर्दी झाली म्हणत होती. साक्षी माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बोध विचारायचं मी विसरले. कोणी आठवणही दिली नाही.

खीर परत केली होती. चमेलीनं तीनदा घेतली. उदारामभाऊंनी गंज खरवडून नेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गळ्यातला दोरा कात्रीनं कापला आणि किल्ली साक्षीच्या हातात दिली. "घे तुझे कागद काढून. वाळवी तं पेटीतही लागते."

ती म्हणाली, "अन् तुझा बीपी?"

म्हटलं, मशीन शिकव मला. तिनं शिकवलं. पट्टा बांधला, बटण दाबलं, आकडा आला. अंगणवाडीत नर्सबाई 'एवढा असावा' म्हणून सांगतात तेवढाच, अगदी बरोबर. मी म्हटलं, "मशीन बिघडली वाटते." साक्षी म्हणाली, "हो आई. लय दिवसांची बिघडली आहे." आणि फिसकन हसली. मग मलाही हसू आलं, का ते माहीत नाही. दोघी हसत बसलो, चूल विझून गेली.

दुपारी पिशवी तिनं भरली आणि मी परत रिकामी करून भरली, कारण तिला घड्या घालता येत नाहीत. "आई, तू फार मधात मधात करतेस," म्हणाली. हाय! कानाला किती गोड लागलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सौंदड स्टेशनावर आम्ही सगळ्या. दुर्गेश्वरीनं रात्रीतून दोन ड्रेस शिवून आणले. चमेलीनं सुकवलेल्या मोहफुलांची पुडी दिली, "चंद्रपुरात का भेटते का नाई."

मी मनाची तयारी केली होती. पुस्तकात पोरगी वळून पाहत नाही. नाही पाहिलं तर नाही पाहिलं, आपण रडायचं नाही. गाडी आली, ती चढली, गाडी हलली. मी फलाटावर उभी, डोळे मिटून.

तर आवाज! डोळे उघडले तं ही दारात लटकलेली, अर्धी बाहेर, ओढणी उडून रायली, आणि पूर्ण स्टेशन ऐकेल असं ओरडून रायली, "आई! गोळी घेजो! टायमावर घेजो! अन् दोघींचा भात नको शिजवू, दुर्गेश्वरीताईकडं जेवजो!"

हे तिला कोणी सांगितलं? मी तर कोणाला बोलले नव्हते.

घरी येऊन आडवी झाले ते गाढ झोपले. कित्येक महिन्यांनी इतकी झोप लागली. छातीवरून पाटा उतरवल्यासारखं वाटलं. आता लिहिताना पाहते तर समोरचं दार सताड उघडं, दुर्गेश्वरीची बकरी ओसरीत येऊन माझ्या चपला हुंगून रायली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साक्षी हजर झाली, खोली मिळाली, सोबत गडचिरोलीची एक पोरगी आहे. रात्रपाळी पुढच्या आठवड्यात. मी एका माणसाचा भात शिजवला. कच्चा राहिला. दुर्गेश्वरीकडे जेवले.

ओटा परत भरला. या खेपेला पुस्तक बायांनी निवडलं, हसायचं पाहिजे म्हणाल्या. उदारामभाऊ झाडू न आणता आले. मी पहिलं पान उघडलं तर फोन वाजला. साक्षी. "जेवली का? गोळी घेतली का? एकटी तं नाई ना?" ठेवला. दुसरं पान, परत फोन. "दार लावलं का? घरी कोनी झोपाले येते का?" ठेवला. तिसऱ्या पानावर परत! बाया खोळंबल्या, गोष्ट रंगात आलेली. माझा पारा चढला. म्हटलं, "अवो बाई, मी का लहान आहो? मले जराशी मोकळी सोड ना! असं कोंडून ठेवते का कोनी मायले?"

सगळा ओटा हसायला लागला. दुर्गेश्वरी तर ताडपत्रीवर आडवीच झाली. चमेली डोळे पुसत होती. फोनमध्ये साक्षीही खदाखदा हसत होती. यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला अजून समजलं नाही. वर उदारामभाऊंनी हात जोडले आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "साधु, साधु, साधु!"